अन्नाच्या ॲलर्जीची चाचणी

अन्नाच्या ॲलर्जीची चाचणी म्हणजे एखाद्या खाद्यपदार्थातील प्रथिनांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा विपरीत प्रतिक्रिया देते किंवा नाही, हे ठरवण्यासाठी केली जाणारी वैद्यकीय तपासणी होय. रुग्णाचा सविस्तर पूर्वेतिहास, त्वचेवरील टोचणी चाचणी, रक्तातील विशिष्ट आयजीई प्रतिपिंडांचे मोजमाप आणि वैद्यकीय देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून केलेली आव्हान चाचणी हे या तपासणीचे चार प्रमुख भाग आहेत. यांपैकी त्वचेची व रक्ताची चाचणी केवळ शरीरात प्रतिपिंड आहेत एवढेच सांगते. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच, असे ती सांगत नाही. त्यामुळे पूर्वेतिहासाशिवाय चाचणीच्या निष्कर्षाचा अर्थ लावता येत नाही.

मासे, कोळंबी, शिंपल्यांतील जीव, काजू आणि नारळ हे ज्या प्रदेशाचे रोजचे अन्न आहे, त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या किनारी भागात या चाचणीला विशेष महत्त्व आहे. खरी ॲलर्जी ओळखली गेली नाही, तर जिवावर बेतू शकते. आणि नसलेली ॲलर्जी आहे असे मानले गेले, तर घरातील स्वस्त व पौष्टिक अन्न विनाकारण सुटते.

संज्ञा व व्याप्ती

एखादा पदार्थ न सोसणे यासाठी मराठीत ‘वावडे’ हा जुना शब्द आहे. ‘बाधणे’, ‘न मानवणे’ हे शब्दप्रयोगही त्याच अर्थाने वापरले जातात. अंगावर खाज सुटून लालसर चट्टे येण्याला ‘पित्त उठणे’ किंवा ‘गांधी उठणे’ असे म्हणतात. आयुर्वेदात शरीराला न मानवणाऱ्या आहारासाठी ‘असात्म्य’ ही संज्ञा असून माधवनिदान या ग्रंथात शीतपित्त, उदर्द व कोठ या नावांनी अशा चट्ट्यांचे वर्णन आहे.

मात्र ‘वावडे’ हा शब्द ॲलर्जीपेक्षा व्यापक आहे. त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे खरी ॲलर्जी, जिच्यात प्रतिकारयंत्रणेचा सहभाग असतो. दुसरी असहिष्णुता, उदाहरणार्थ, लॅक्टेज हे विकर कमी असल्याने दूध प्यायल्यावर पोट फुगणे व जुलाब होणे. तिसरी विषबाधा, म्हणजे अन्नातच दोष असणे. चौथी गोष्ट म्हणजे स्पर्शाने त्वचेवर होणारा दाह. या चारही प्रकारांची कारणे, तपासण्या व उपाय भिन्न आहेत. चाचणीचे पहिले काम या चारांतून नेमका प्रकार निवडून काढणे हे असते.

सीलियॅक रोगातही गव्हातील ग्लुटेनमुळे त्रास होतो व त्यात प्रतिकारयंत्रणेचा भाग असतो. परंतु त्याची यंत्रणा वेगळी असल्याने त्याचे निदान वेगळ्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी व लहान आतड्याच्या ऊतीची तपासणी यांद्वारे केले जाते.

प्रतिक्रिया कशी होते

ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या शरीरात एखाद्या अन्नप्रथिनाविरुद्ध आयजीई या वर्गाचे प्रतिपिंड तयार होतात. या अवस्थेला संवेदीकरण म्हणतात. हे प्रतिपिंड त्वचा, श्वसनमार्ग व आतड्यांच्या अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा शरीरात आले की ते या प्रतिपिंडांशी जोडले जाते आणि मास्ट पेशींमधून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे खाज, गांधी, ओठ व डोळ्यांभोवती सूज, शिंका, घशात आवळल्यासारखे वाटणे, धाप, उलटी, पोटात कळ अशी लक्षणे दिसतात. ती बहुधा काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत सुरू होतात.

प्रतिक्रिया एकाच वेळी अनेक अवयवांत पसरली, श्वास अडकू लागला किंवा रक्तदाब कोसळला, तर तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था असून तिच्यात मृत्यू येऊ शकतो.

संवेदीकरण आणि ॲलर्जी यांतील भेद या विषयाचा गाभा आहे. शरीरात प्रतिपिंड असूनही अनेक व्यक्तींना तो पदार्थ खाल्ल्यावर काहीही होत नाही. अशा व्यक्तीला संवेदीकृत म्हणता येते, ॲलर्जिक म्हणता येत नाही.

इतिहास

ॲलर्जीच्या अभ्यासाचा समुद्राशी जुना संबंध आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिये यांनी मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या फायसेलिया या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास केला. पुढे समुद्रफुलाच्या विषावर कुत्र्यांमध्ये प्रयोग करताना त्यांना आढळले, की पहिल्या मात्रेने न मेलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अल्पशा मात्रेने मरतात. या घटनेला त्यांनी १९०२ मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. या कार्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणला.

त्वचेवरील चाचणीचा आरंभ इंग्लंडमधील वैद्य चार्ल्स ब्लॅकली यांच्यापासून मानला जातो. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या ओरखडलेल्या त्वचेवर परागकण लावून प्रतिक्रिया पाहिली. अन्नासाठी ही पद्धत अमेरिकेतील ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ मध्ये वापरली. अंडे, बदाम व ओट खाल्ल्यावर त्रास होणाऱ्या एका मुलावर त्यांनी केलेल्या चाचण्या प्रसिद्ध आहेत.

ॲलर्जीचे कारण रक्तात असते, हे एका माशामुळे सिद्ध झाले. हाइन्झ क्यूस्टनर यांना मासे खाल्ल्यावर त्रास होत असे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशांची ॲलर्जी नव्हती. प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातील रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला व दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांधी उठली. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने रक्तरसातील एखादा घटक ॲलर्जी एका व्यक्तीकडून दुसरीकडे नेतो, हे दिसले. तो घटक ओळखण्यास पुढे सुमारे ४५ वर्षे लागली. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिच यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे केलेल्या संशोधनातून तो सापडला व १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव निश्चित झाले. त्याच सुमारास रक्तातील विशिष्ट आयजीई मोजण्याची पहिली पद्धत विकसित झाली. १९७६ मध्ये चार्ल्स मे यांनी अन्नाच्या ॲलर्जीच्या अभ्यासात दुहेरी अंध आव्हान चाचणीचा वापर करून तिला आजचे स्थान मिळवून दिले.

कोळंबीच्या ॲलर्जीच्या अभ्यासात भारतीय संशोधनाचा महत्त्वाचा वाटा आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय किनाऱ्यावर मिळणाऱ्या पांढऱ्या कोळंबीवर काम केले. कोळंबीच्या ॲलर्जीस मुख्यतः कारणीभूत असलेले प्रथिन म्हणजे स्नायूंमधील ट्रोपोमायोसिन होय, हे त्यांच्या १९९३ मधील शोधनिबंधात दाखवण्यात आले. हे प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून कोळंबी कितीही शिजवली, तळली किंवा वाळवली, तरी तिची ॲलर्जीकारक शक्ती टिकून राहते.

चाचण्यांचे प्रकार

पूर्वेतिहास

तज्ज्ञ डॉक्टर प्रथम रुग्णाला प्रश्न विचारतात व त्यावरूनच कोणत्या पदार्थाची चाचणी करायची, हे ठरवतात. नेमके काय व किती खाल्ले, किती वेळाने त्रास सुरू झाला, कोणती लक्षणे दिसली, ती किती वेळ टिकली, तोच पदार्थ पूर्वी किंवा नंतर सोसला होता काय, हे प्रश्न मूलभूत आहेत. त्याच ताटातील मासा इतरांनी खाल्ला होता काय व त्यांना काही झाले काय, हा प्रश्न किनारी भागात निर्णायक ठरू शकतो. जेवणाच्या आसपास वेदनाशामक गोळी घेतली होती काय, मद्यपान किंवा श्रमाचे काम केले होते काय, अंगात ताप होता काय, याचीही नोंद घेतली जाते. कारण या गोष्टींमुळे एरवी सौम्य राहणारी प्रतिक्रिया तीव्र होऊ शकते.

चट्टे डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत मावळतात. अशा वेळी भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र व तारीखवार लिहिलेली आहारनोंद उपयोगी पडते.

त्वचा टोचणी चाचणी

हाताच्या कोपरापुढील आतील बाजूस किंवा पाठीवर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेचा वरचा थर बारीक टोकाने किंचित टोचला जातो. शेजारी दोन तुलनेचे थेंब असतात : एक हिस्टामीनचा, ज्याने गांधी उठायलाच हवी, आणि एक केवळ द्रावणाचा, ज्याने ती उठू नये. १५ ते २० मिनिटांनी गांधीचा व्यास मोजतात. केवळ द्रावणाने उठलेल्या गांधीपेक्षा ती ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी असल्यास चाचणी होकारार्थी मानतात. वेदना नगण्य असते व रक्त बहुधा येत नाही.

हिस्टामीनरोधक औषधांमुळे गांधी दबते; म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागतात. सर्दीच्या अनेक तयार औषधांतही ही द्रव्ये असतात. त्वचेवर सर्वत्र इसब असल्यास ही चाचणी करता येत नाही.

चाचणी नकारार्थी आल्यास आयजीईमुळे होणारी ॲलर्जी बहुधा नाही, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. होकारार्थी निष्कर्षाची खात्री मात्र कमी असते. सरसकट चाचण्या केल्यास होकारार्थी येणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो.

तयार अर्क ज्या जातींपासून बनवलेले असतात, त्याच जाती रुग्णाच्या ताटात असतील असे नाही. परदेशी संचांत मुख्यतः कॉड, सामन, ट्यूना यांसारख्या माशांचे अर्क असतात. कोकणातील बांगडा हा युरोपातील मॅकरेलपेक्षा वेगळ्या प्रजातीचा आहे. पेडवे, मोदक, मुडदुशी यांचे अर्क तर सहसा नसतातच. अशा वेळी टोकदार साधन प्रथम ताज्या किंवा शिजवलेल्या पदार्थात व लगेच त्वचेत टोचण्याची पद्धत वापरतात. त्यासाठी रुग्णाला तो पदार्थ स्वतः सोबत न्यावा लागतो.

रक्तातील विशिष्ट आयजीई

शिरेतून रक्त घेऊन त्यात विशिष्ट अन्नाविरुद्ध किती आयजीई आहे, हे प्रयोगशाळेत मोजले जाते. हिस्टामीनरोधक औषधांचा यावर परिणाम होत नाही व प्रतिक्रियेचा धोकाही नसतो. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येत असल्याने लहान गावांतील रुग्णांसाठी ही चाचणी सोयीची आहे. पूर्वी ०.३५ एकक ही होकारार्थी मानण्याची मर्यादा होती. आधुनिक यंत्रे ०.१ एककापर्यंत मोजू शकतात. आकडा जितका मोठा, तितकी ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक. परंतु प्रतिक्रिया किती तीव्र होईल, हे आकड्यावरून ठरत नाही.

‘एकूण आयजीई’ ही वेगळी चाचणी असून ती कोणत्याही एका अन्नाविषयी काही सांगत नाही. आतड्यांतील जंतांमुळेही एकूण आयजीई वाढते. घटकनिहाय चाचणीत मात्र संपूर्ण पदार्थाऐवजी त्यातील एकेका प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड मोजतात. शेंगदाणा व काजू यांच्या बाबतीत या चाचणीने निदान अधिक नेमके होते.

मौखिक आव्हान चाचणी

निदानाची ही सर्वांत विश्वसनीय पद्धत मानली जाते. रुग्णालयात, ॲड्रेनलिन व प्राणवायूची सिद्धता ठेवून, संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणापासून सुरू करून १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने वाढत्या प्रमाणात दिला जातो. लक्षण दिसताच चाचणी थांबवतात. पूर्ण मात्रा घेऊनही त्रास न झाल्यास काही तास निरीक्षण करून तो पदार्थ निर्धोक ठरवला जातो. दुहेरी अंध पद्धतीत खरा पदार्थ कोणता व बनावट कोणता, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते. त्यामुळे भीतीपोटी जाणवणारी लक्षणे वेगळी काढता येतात.

ही चाचणी घरी करून पाहणे धोक्याचे आहे. यापूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेल्या व्यक्तीने ‘थोडे खाऊन बघू’ असा प्रयोग करू नये.

वर्जन आहार

लक्षणे उशिरा दिसणारी किंवा अस्पष्ट असल्यास संशयित पदार्थ साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून फरक पाहतात व नंतर तो पुन्हा सुरू करतात. पुन्हा सुरू करणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग आहे; केवळ बंद करून बरे वाटल्याने काहीही सिद्ध होत नाही. तात्काळ प्रतिक्रिया येणाऱ्यांत पुन्हा सुरू करण्याचे काम रुग्णालयातच केले जाते.

अशास्त्रीय चाचण्या

अन्नाविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड मोजून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्या बाजारात विकल्या जातात. आयजीजी हे तो पदार्थ शरीराच्या परिचयाचा असल्याचे लक्षण आहे, ॲलर्जीचे नव्हे. युरोपीय ॲलर्जी अकादमीने २००८ मध्ये, तर पुढे अमेरिका व कॅनडातील संघटनांनीही, निदानासाठी या चाचणीचा उपयोग करू नये असे स्पष्ट केले. केसांचे विश्लेषण, स्नायूंची ताकद पाहणे, विद्युत्‌प्रवाहाने त्वचेचा रोध मोजणे या पद्धतींनाही शास्त्रीय आधार नाही. पूर्वेतिहास न घेता एकाच वेळी डझनावारी पदार्थांची आयजीई चाचणी करणेही अयोग्य मानले जाते. कारण रोज निर्वेध खाल्ले जाणारे पदार्थ त्यात होकारार्थी येऊन आहारातून वगळले जातात.

भारतातील स्थिती

युरोप्रिव्हॉल या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा एक भाग म्हणून कर्नाटकातील बंगळूर व म्हैसूर येथे झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी २६.५ टक्के व्यक्तींच्या रक्तात निदान एका अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. परंतु पूर्वेतिहासाशी मेळ घालता ॲलर्जी असण्याचा संभव केवळ १.२ टक्के व्यक्तींत दिसला. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबल्यास किती लोक नाहक ॲलर्जिक ठरतील, हे या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते.

ॲलर्जीकारक पदार्थ देशागणिक बदलतात. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याचा जसा अभ्यास झाला, तसा मुंबईतील संशोधकांनी हरभऱ्याचा केला. भारतीय उपखंडात हरभरा हे महत्त्वाचे ॲलर्जीकारक अन्न असल्याचे त्यांनी २००१ मध्ये मांडले. बेसनाच्या रूपाने हरभरा असंख्य पदार्थांत असतो, हे लक्षात घेता ही बाब महत्त्वाची ठरते.

वेष्टनबंद अन्नावर ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख करणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट हे त्या यादीतील घटक आहेत. तिसऱ्या, कालवे, माकूल यांचा मृदुकाय वर्ग युरोपीय संघाच्या यादीत आहे, भारतीय यादीत नाही.

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील विशेष बाबी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण व वेंगुर्ले हे तीन तालुके समुद्रकाठी आहेत. मासेमारी, आंबा, काजू व पर्यटन यांवर येथील अर्थव्यवहार चालतो. त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न येथे केवळ आहाराचा राहत नाही, तो उपजीविकेचाही होतो.

कोळंबी, कुर्ल्या व शिंपले

कोळंबी (मालवणीत सुंगटा), कुर्ल्या व शेवंड हे कवचधारी असून त्यांच्यातील ट्रोपोमायोसिन परस्परांशी अतिशय मिळतेजुळते असते. म्हणून एकाची ॲलर्जी असणाऱ्यास दुसऱ्याचीही असण्याची शक्यता मोठी असते. तिसऱ्या, खुबे, कालवे व माकूल या मृदुकायांशी हे साम्य कमी आहे. त्यांची स्वतंत्र चाचणी करावी लागते. माशांतील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन पार्व्हअल्ब्युमिन हे पूर्णतः वेगळे आहे. त्यामुळे कोळंबी न सोसणाऱ्याने सुरमई किंवा सरंगा सोडण्याचे कारण नसते. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना आयोडीन चालत नाही, हा समजही निराधार आहे.

घरातील धुळीत वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या शरीरातही ट्रोपोमायोसिन असते. कोकणातील दमट हवा या किड्यांना पोषक आहे. धुळीमुळे शिंका किंवा दमा असलेल्या व्यक्तीची कोळंबीची चाचणी या साम्यामुळे होकारार्थी येऊ शकते, जरी ती व्यक्ती आयुष्यभर कोळंबी खात आलेली असली तरी. अशा व्यक्तीला चाचणीच्या आधारे कोळंबी सोडायला सांगणे चुकीचे ठरते.

कवचधारींची ॲलर्जी अनेकदा प्रौढ वयात प्रथमच उद्भवते व बहुधा कायम राहते. कोळंबी सोलणाऱ्या व प्रक्रिया करणाऱ्या कामगारांना हाताला दाह होणे, वाफेमुळे व तुषारांमुळे दमा होणे, हा व्यवसायजन्य आजार म्हणून ज्ञात आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा घरोघरी सोडे, जवळा व सुके मासे वापरले जातात. जवळा हाही कोळंबीच्याच गोतावळ्यातील असून चटणीत किंवा भाजीत तो सहज लक्षात येत नाही.

बांगडा आणि हिस्टामीनची विषबाधा

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासा पकडल्यावर वेळीच बर्फात ठेवला नाही, तर जिवाणू त्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, तोंडात तिखट झोंबल्यासारखे वाटणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे, अंगावर पित्त उठणे व जुलाब अशी लक्षणे दिसतात. ती हुबेहूब ॲलर्जीसारखी असतात. कारण दोन्हींत हिस्टामीनच काम करते. फरक एवढाच, की ॲलर्जीत ते शरीर तयार करते, तर येथे ते माशातूनच येते.

हिस्टामीन शिजवल्याने, तळल्याने किंवा खारवल्याने नाहीसे होत नाही आणि माशाला दुर्गंधी येईलच असेही नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनुसार माशात दर किलोग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून अधिक हिस्टामीन असता कामा नये. एकाच पंगतीत एकापेक्षा अधिक जणांना त्रास होणे, तोच मासा पूर्वी व नंतर सोसणे आणि त्वचेची व रक्ताची चाचणी नकारार्थी येणे, यांवरून ही विषबाधा ओळखता येते. अशा रुग्णाने बांगडा सोडण्याची गरज नसते. ताजा व पकडल्यापासून बर्फात राखलेला मासा निवडणे हाच त्यावरील उपाय आहे.

काजू, आंबा व नारळ

काजूगराची खरी ॲलर्जी तीव्र असू शकते. तिचा पिस्त्याशी निकटचा संबंध आहे. काजू न सोसणाऱ्यास पिस्ताही बहुधा सोसत नाही. ओल्या काजूची उसळ, वाटणातील काजू व मिठाई ही तिची संभाव्य कारणे होत.

काजूच्या टरफलातील तेलाने हात भाजणे व आंब्याच्या चिकाने ओठांभोवती किंवा हातावर चट्टे येणे हे मात्र निराळे प्रकार आहेत. काजू, आंबा व बिब्बा हे एकाच कुलातील वृक्ष असून त्यांच्या स्रावात त्वचादाह करणारी सदृश द्रव्ये असतात. चिकाची ॲलर्जिक प्रतिक्रिया बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते व तिच्यात आयजीईचा भाग नसतो. म्हणून टोचणी चाचणी येथे निरुपयोगी ठरते. पाठीवर पट्टी लावून ४८ तासांनी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहण्याची पट्टी चाचणी त्वचारोगतज्ज्ञ करतात. चिकाचा त्रास असणाऱ्यांना साल काढलेला पिकलेला आंबा पुष्कळदा चालतो.

नारळाची ॲलर्जी दुर्मीळ आहे. नावातील साम्यामुळे त्याची गणना बदाम-अक्रोडांत होत असली, तरी त्या पदार्थांची ॲलर्जी असलेल्यांना खोबरे सामान्यतः सोसते.

मुलांमधील चाचणी

लहान मुलांत दूध व अंडे यांची ॲलर्जी अधिक आढळते व वाढत्या वयात ती पुष्कळदा नाहीशी होते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते. एकदा लागलेला शिक्का कायमचा मानू नये. दूध, अंडी, मासे एकदम बंद केल्यास मुलाची वाढ खुंटू शकते. म्हणून वर्ज्य पदार्थाच्या जागी काय द्यावे, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे लागते. निदान झालेल्या मुलाची माहिती शाळा व अंगणवाडी यांना लेखी देणे उपयुक्त असते.

निदानानंतर

ॲलर्जी सिद्ध झाल्यास तो पदार्थ पूर्णतः टाळणे हाच मुख्य उपाय आहे. खानावळीत एकाच तेलात व तव्यावर कोळंबी आणि मासे तळले जातात. त्यामुळे केवळ वेगळा पदार्थ मागवणे पुरेसे नसते. स्वयंपाक करणाऱ्यास स्पष्ट कल्पना द्यावी लागते.

अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याची कोकणात प्रथा आहे. केवळ खाज व चट्टे असतील, तर अशा घरगुती उपायाने तात्पुरते बरे वाटू शकते. परंतु चट्ट्यांसोबत आवाज घोगरा होणे, धाप, वारंवार उलटी, भोवळ किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ॲनाफिलॅक्सिसवरील पहिले औषध ॲड्रेनलिन हे आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम, परंतु प्रौढांत एका वेळी ०.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, अशा प्रमाणात देतात. हिस्टामीनरोधक गोळी किंवा स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास बसू द्यावे. एकाएकी उभे करू नये. बरे वाटल्यानंतरही काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उलटू शकते, म्हणून रुग्णालयात निरीक्षण आवश्यक असते.

स्वतः टोचून घेता येणारे ॲड्रेनलिनचे तयार इंजेक्शन भारतात सर्वत्र सहज मिळत नाही. वाडी-वस्त्यांपासून रुग्णालयाचे अंतर व पावसाळ्यातील रस्ते लक्षात घेता, तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्या व्यक्तीने जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात जायचे व कोणास कळवायचे, याची लेखी योजना डॉक्टरांकडून आधीच करून घेणे श्रेयस्कर असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर निःशुल्क रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

चाचणी नकारार्थी आल्यास किंवा आव्हान चाचणीत पदार्थ सोसल्यास तो पुन्हा नियमित आहारात घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. पथ्यातून एखादा पदार्थ मोकळा करणे हेही चाचणीचे तितकेच महत्त्वाचे फलित होय.

हेही पहा

ॲलर्जी
ॲनाफिलॅक्सिस
दमा
लॅक्टोज असहिष्णुता
सीलियॅक रोग
अन्नविषबाधा
मालवणी खाद्यसंस्कृती